पोस्टबॉक्सचे मतदार

कोंडवळ गावच्या खालच्या वाडीत राघो मांडवकर झाला. राघोचा धाकू, धाकूचा गुणाजी, आणि गुणाजीचा थोरला तो दगडू. गावकीची सभा देवळाच्या मंडपात भरे. राघो ती पायरीखाली, उन्हात उभा राहून ऐके. धाकूला पायरीवर बसू देत. गुणाजीच्या काळात कायदे बदलले आणि त्याला आत, शेवटच्या खांबाला टेकून बसण्याची मुभा मिळाली. पालखी आधी कोणत्या वाडीत न्यायची, पाणंद कोणाच्या अंगणातून काढायची, विहिरीचा गाळ कोणी उपसायचा, हे सारे त्या मंडपात ठरे. आणि गाळ उपसायला दर वर्षी खालची वाडीच जाई. "गुणाजी, तुझं काय म्हणणं?" असे कोणी उपचारापुरते विचारलेच, तर गुणाजी म्हणे, "मोठी माणसं ठरवतील ते." हे वाक्य त्याने बापाकडून घेतले होते आणि बापाने आपल्या बापाकडून. त्या घरात वारशाने येण्यासारखे दुसरे काही नव्हते.

तेच वाक्य घेऊन दगडू १९८९ साली शारजात उतरला. हातात शटरिंगच्या सुताराची विद्या होती. दहा वर्षांत तो फोरमन झाला, त्याच्या हाताखाली चाळीस माणसे आली, पण राहणे कंपनीच्या कॅम्पातच राहिले. शारजाच्या औद्योगिक भागात एका खोलीत आठ खाटा, दोघांत एक कपाट. शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी सारे शारजातल्या रोल्ला चौकात जमायचे, घरी फोन लावायचे, गावाकडच्या माणसांना भेटायचे.

रोल्लातच त्यांना स्नेहमंडळाने गाठले. मंडळ दुबईचे, म्हणजे तिथल्या करामा वस्तीतल्या मराठी साहेबलोकांचे. दर वर्षी गणपतीच्या आधी चौघे-पाचजण पावतीपुस्तके घेऊन येत आणि कामगारांना सभासद करून घेत. साठ दिरहम, म्हणजे सातशे रुपये. "अडीनडीला मंडळ तुमच्या पाठीशी आहे," असे ते सांगत. कामगारांनी पैसे दिले, कार्ड घेतले आणि ते पासपोर्टच्या झेरॉक्सबरोबर पेटीत जपून ठेवले. खरा पासपोर्ट कंपनीकडे होता.

अडीनड आली ती १९९७च्या ऑगस्टमध्ये. दगडूचा धाकटा भाऊ मधू दुपारी तीन वाजता स्लॅबवर उन्हाने कोसळला आणि पुन्हा उठला नाही. सव्वीस वर्षांचा होता. मृतदेह घरी पाठवायला लागणारे कागद एका ठिकाणी मिळत नाहीत. एका कचेरीचा शिक्का असल्याशिवाय दुसरी कचेरी हात लावत नाही, आणि सगळे अरबीत टाइप करावे लागते. दगडूने मंडळाचे अध्यक्ष विजयकुमार यांना फोन केला. त्यांनी हळहळ व्यक्त केली. मंडळाची मदत समिती होती, पण समितीतले तिघेही गणपतीतल्या नाटकाच्या तालमीत होते. "गणपती होऊ दे, मग आपण लागूच," असे विजयकुमार म्हणाले. हे वाक्य एका माणसाने दुसऱ्या माणसाला, ज्याचा भाऊ शवागारात आहे त्याला, फोनवर सांगितले.

पंधराव्या दिवशी दगडू करामातल्या एका टायपिंगच्या दुकानाबाहेर कागद मांडीवर घेऊन बसला होता. सगळे कागद होते, क्रम चुकलेला होता. शेजारच्या कचेरीत सेक्रेटरी असलेली जोसेफिनबाई डबा खायला बाहेर आली होती. मूळची वसईची, पन्नाशीची, आवाज करडा. तिने कागद हातात घेतले, चाळले आणि म्हणाली, "हे कोणी सांगितलं तुला असं? ऊठ. बसून काय होणार आहे?" ती त्याची कोणी नव्हती. तरी रजा टाकून ती सात दिवस त्याच्याबरोबर फिरली. बाविसाव्या दिवशी मधू विमानात चढला.

ऑक्टोबरात मंडळाची वार्षिक सभा झाली. जोसेफिनबाई उभी राहिली आणि तिने ठराव मांडला: कोणताही सभासद दगावला, तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत कार्यकारिणीचा एक सदस्य स्वतः तिथे पोहोचेल आणि मृतदेह रवाना होईपर्यंत जबाबदार राहील, ज्याला हे जमणार नाही त्याने पद सोडावे. बोलताना तिने मधूचे नाव घेतले. 

विजयकुमार शांतपणे म्हणाले, "ठरावाला अनुमोदक कोण?"

दगडू आठव्या रांगेत बसला होता. जोसेफिनबाईने तीनदा मागे वळून त्याच्याकडे पाहिले. त्याच्या ओठांपर्यंत काहीतरी आले आणि त्याच्या जागी ते जुने, घरचे वाक्य आले. तो बसून राहिला.

"अनुमोदक नाही. ठराव बाद," विजयकुमार म्हणाले. "पुढचा विषय, कोजागिरी."

बाईने पर्स उचलली आणि ती सभागृहातून निघून गेली. पुढच्या वर्षी तिचे नाव वाचनालयाच्या समितीतून गेले, मग हळदीकुंकवाच्या बोलावण्यांतून. "या वसईवाल्यांना नसती उठाठेव," असे बायका म्हणत. दगडूच्या कानावर हे सारे येत होते. सात दिवस जी बाई त्याच्या भावासाठी उन्हात फिरली, तिला त्याने एका शब्दासाठी एकटे पाडले होते. ते देणे त्याच्या उरावर बसले आणि उठेना.

१९९९च्या सप्टेंबरात मंडळाची नवी घटना छापून आली. पूर्वी करामा, देरा आणि शारजा या तीन विभागांतून दोन-दोन प्रतिनिधी निवडून जात. आता साठ सभासदांमागे एक प्रतिनिधी, असा नियम झाला होता. शुक्रवारी रोल्लातल्या एका कॅफेटेरियात रामेश्वर मतदारयादी घेऊन आला. रामेश्वर बीडकडचा, दगडूच्याच गँगमधला सुतार, हिशेबाला तल्लख.

"दगडूदा, साठाला एक म्हणजे आपली चांदी. शारजात आपण अडीचशेच्या वर आहोत. चार जागा कुठं गेल्या नाहीत."

"मग तोंड का असं केलंयस?"

"यादीत शारजाचे त्रेसष्ट आहेत. एक जागा."

"आणि आपण?"

रामेश्वरने पान उलटले. "आपण करामात राहतो. हे बघ, तू. हा मी. आपली अख्खी रूम करामात आहे."

"बघ, बघ, माझ्या खोलीत एसी चालतो का ते," मागून कोणीतरी म्हणाले, आणि टेबलाभोवती हशा पिकला.

दगडू हसला नाही. त्याने यादी पुढे ओढली. नावापुढे पत्ता म्हणून पोस्टबॉक्सचा क्रमांक होता. त्या देशात टपाल घरी येत नाही, कंपनीच्या बॉक्सात येते. आणि त्यांच्या कंपन्या दुबईच्या, त्यामुळे बॉक्स करामाच्या पोस्टात. कॅम्पातली एकशे चौऱ्याण्णव माणसे शारजात झोपत होती आणि करामात मोजली गेली होती. रामेश्वरने कानावरची पेन्सिल काढून कागदी रुमालावर गणित मांडले. करामाचे स्वतःचे एकशे अठरा. कॅम्प धरून तीनशे बारा. प्रतिनिधी पाच.

"म्हणजे माणसं आपली आणि खुर्च्या त्यांच्या," रामेश्वर म्हणाला. 

दुसऱ्या गुरुवारी दगडू अर्धी सुट्टी घेऊन विजयकुमारांच्या कचेरीत गेला. विजयकुमार वाईट बोलणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी त्याला बसवले, बिनदुधाचा सुलेमानी चहा मागवला.

"हे टेक्निकल आहे रे. पत्ता म्हणजे पोस्टबॉक्स. इथं दुसरा पत्ता असतो कुठं? माझाही बॉक्सच आहे."

"साहेब, तुम्ही करामात झोपता. आम्ही शारजात झोपतो."

"झोपण्यावर मतदान नसतं, दगडू."

"मग आमच्या डोक्यांवर पाच जागा कशा झाल्या?"

"आकड्यावर झाल्या. आणि खरं सांगू? तुमच्यातलं मतदानाला येतं कोण? गेल्या वेळी चौघं आलात, त्यातले दोघं जेवणासाठी. त्यापेक्षा तुमचा आकडा तरी मंडळाच्या उपयोगी पडू दे." त्यांनी खण उघडला. "हे घे. गणपतीला पहिल्या रांगेतला पास. भावासारखा आहेस म्हणून देतोय."

दगडूने पासाकडे पाहिले. त्याचा भाऊ याच माणसाच्या गणपतीसाठी शवागारात थांबला होता. दहा वर्षांत साइटवर त्याने पुष्कळ शिव्या ऐकल्या होत्या, इंजिनिअरच्या, सुपरवायझरच्या. त्यांतल्या एकीनेही त्याच्या डोक्यात असा जाळ केला नव्हता. शिवी देणारा निदान समोर माणूस आहे असे धरून चालतो. हे गोड बोलणारे गृहस्थ त्याला जिवंतपणी आकडा म्हणत होते, आणि वर त्याने आभार मानावेत अशी त्यांची अपेक्षा होती. पास टेबलावर ठेवून तो उठला. चहा त्याने घेतला नाही.

तिथून तो थेट जोसेफिनबाईच्या घरी गेला. करामातल्या जुन्या इमारतीचा दुसरा मजला. दार तिच्या मुलीने, लॅरिसाने उघडले आणि मागे वळून म्हणाली, "ममा, देअर्स अ मॅन फॉर यू."

बाई आतून आली. तिने त्याला ओळखले, पाण्याचा ग्लास दिला आणि तो पिऊन होईपर्यंत थांबली.

"किती दिवसांनी आलास?"

"दोन वर्षं झाली, बाई."

"एक वर्ष अकरा महिने. मी मोजलेत."

"चुकलं माझं."

"चूक म्हणजे पाय घसरतो ती. तुझा पाय घसरला नाही, तू बसून राहिलास. मी तीनदा वळून पाहिलं. मधू माझा कोण लागत होता, सांग बरं?"

"कोणी नाही."

"मग माझी जीभ कशी उचलली? तुझी काय शिशाची आहे?"

हॉटेलातली ड्यूटी संपवून आलेला तिचा नवरा विल्फ्रेड कोचावरून म्हणाला, "जोसी, चहा तरी घेऊ दे त्याला."

"चहा मिळेल. आधी हे मिळेल." ती पुन्हा दगडूकडे वळली. "माझ्या आजीनं आम्हाला मराठीत प्रार्थना शिकवल्या. आणि या बायका मला विचारतात, तुमच्याकडे मराठी बोलतात का हो. हे मी तुझ्यापायी ऐकते. तुला वाईट वाटावं म्हणून नाही सांगत, माहीत असावं म्हणून सांगते."

दगडूने मान खाली घातली नाही. ऐकणे हा त्या देण्याचा पहिला हप्ता होता आणि तो त्याने चुकवला नाही. ती थांबल्यावर त्याने यादी तिच्या हातात दिली आणि विजयकुमारांचे बोलणे, पासासकट, जसेच्या तसे सांगितले.

बाईने चष्मा लावला. पाने उलटता उलटता तिचा चेहरा बदलत गेला.

"विली, ही यादी बघ. या लोकांनी एकशे चौऱ्याण्णव माणसं माझ्या विभागात आणून ठेवलीत."

"मोजायला आणलीत," विल्फ्रेड म्हणाला.

"मोजायला आणलीत, पण नावं तर मतदारयादीत आहेत. ती आली तर?" तिने दगडूकडे पाहिले. "येतील?"

"मतदान शुक्रवारी आहे. येतील."

"तुझ्यासारखी येऊन बसणार असतील, तर नकोत."

"मी आणतो, बाई."

उमेदवारी अर्जावर त्याच विभागातले सूचक आणि अनुमोदक लागत. सूचक म्हणून विल्फ्रेडने सही केली. अनुमोदकाच्या जागी दगडूने आपले नाव लिहिले, आणि पत्त्याच्या जागी कंपनीचा पोस्टबॉक्स. बाईने तो अर्ज वाळूची पाटी तपासावी तसा तपासला.

"ही सही झाली. हिनं काही फिटत नाही, समजलास?"

"समजलो."

"आणि मी एकटी उभी राहणार नाही. पाच जागा आहेत. दुसरा अर्ज तुझा."

पाच अर्ज गेले: जोसेफिनबाई, दगडू, रामेश्वर, विल्फ्रेड आणि शाळेत शिकवणारी प्रज्ञा, जिचा स्वतःचा अर्ज मागच्या खेपेस मंडळाने वेळ टळली म्हणून परत केला होता. विजयकुमारांनी ते पाहिले आणि सोडून दिले. करामातून दर खेपेस सत्तर-ऐंशी मते पडत, आणि ती कोणाची, हे त्यांना पाठ होते.

तीन शुक्रवार दगडू खोलीखोलीतून फिरला. लोक ऐकून घेत, मग म्हणत, "जाऊ दे ना दगडूदा, त्यांचं मंडळ, ते बघतील." ते वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याच्या मस्तकात तिडीक जाई. तो प्रत्येकाला एकच विचारी, "उद्या तू स्लॅबवर पडलास, तर कोणी यायचं?"  कॅम्पातल्या प्रत्येकाने मधूची रिकामी खाट बावीस दिवस पाहिली होती.

मतदानाच्या शुक्रवारी कंपनीची बस घेऊन खैरुद्दीन आला. तो दापोलीकडचा. कॅम्प बॉसने डिझेल कामगारांनी भरावे या अटीवर बसला परवानगी दिली होती. पहिली खेप सुटताना दगडूने त्याला विचारले, "खैरुद्दीनभाई, तुमचं कार्ड घेतलंत ना?"

"माझ्याकडे कुठलं? पावतीवाले माझ्यापाशी आले होते. नाव विचारलं, मी सांगितलं, ते पुढं गेले." त्याने गिअर टाकला. "बसा. यल्ला, निघू."

शाळेच्या सभागृहाच्या दारात टेबल मांडून स्वयंसेवक बसले होते. पहिल्या खेपेत साठ माणसे उतरली, इस्त्रीचे शर्ट घातलेली, हातात मंडळाची कार्डे. स्वयंसेवक आत धावला आणि विजयकुमार बाहेर आले.

"दगडू, काय आहे हे?"

"मतदान, साहेब."

"अरे, पण ही शारजाची माणसं. शारजाचं टेबल तिकडं पलीकडं आहे."

"आम्ही आधी तिकडंच जात होतो. तुम्हीच म्हणालात, पत्ता म्हणजे पोस्टबॉक्स." दगडूने आपले कार्ड टेबलावर ठेवले. "हे तुम्ही छापलेलं. ही यादी तुमची. नाव शोधा."

"यांच्यातलं एक माणूस करामात राहत नाही," विजयकुमारांचा आवाज चढला.

दारातून जोसेफिनबाई म्हणाली, "मग चूक यादीत आहे. लिहून द्या. यांची नावं काढा, पाचाची एक जागा करा, शारजाला चार द्या, आणि निवडणूक पुढे ढकला. मी कागद देते."

देऱ्याचे सभासद आणि बायकापोरे मागे जमली होती. सगळे ऐकत होते. विजयकुमारांनी रांगेकडे पाहिले, यादीकडे पाहिले, आणि टेबलाजवळून बाजूला झाले.

दुसरी खेप आली, तिसरी आली. एकशे एकावन्न कामगारांनी मत दिले. प्रत्येकजण टेबलापाशी आपले नाव मोठ्याने सांगत होता, कारण दगडूने तसे बजावले होते. साडेबाराला मोजणी झाली आणि करामाच्या पाचही जागा जोसेफिनबाईच्या पाचांना गेल्या. सर्वांत जास्त मते तिला होती. कामगारांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते खुर्च्यांवर बसले आणि खुर्च्या संपल्यावर भिंतीला लागून उभे राहिले.

मोजणीनंतर तिथेच वार्षिक सभा भरली, आणि ती संपेपर्यंत अध्यक्ष विजयकुमारच होते. त्यांनी घाईघाईने कागद गोळा केले. "आयत्या वेळचे विषय नसतील, तर जेवण तयार आहे. थंड होतंय."

जोसेफिनबाई उभी राहिली. "जेवण थांबेल. मधू बावीस दिवस थांबला होता."

तिने ठराव मांडला, दोन वर्षांपूर्वीचा, शब्दाला शब्द. अठ्ठेचाळीस तास, एक जबाबदार सदस्य, नाहीतर पद सोडावे. मग ती खाली बसली. या वेळी तिने मागे वळून पाहिले नाही.

विजयकुमार म्हणाले, "अनुमोदक?"

 सभागृहात तीनशे माणसे होती, पुढच्या रांगांत कोट घातलेली, इंग्रजी बोलणारी. आणि ते घरचे वाक्य ठरल्या वेळी आले. या वेळी त्याला त्याची चीड आली. ज्यांनी ते बोलून बोलून गाळ उपसला त्या आपल्याच माणसांची चीड आली, आणि ज्यांनी तीन पिढ्या ते ऐकून घेतले त्यांची त्याहून अधिक. तो उठला.

"दगडू गुणाजी मांडवकर. अनुमोदन देतो."

"ठीक. नोंद करा," विजयकुमार म्हणाले.

"माझं झालं नाही, साहेब. अनुमोदकाला बोलता येतं. घटनेत आहे." आणि तो बोलला. त्याने पहिला दिवस सांगितला, दुसरा सांगितला. कोणत्या दिवशी कोणाला फोन केला आणि कोणी काय उत्तर दिले, ते नावानिशी सांगितले. तालमीला गेलेल्या तिघांकडे पाहून त्यांची नावे घेतली. पंधराव्या दिवशी एक बाई डबा न खाता उठली, ते सांगितले. "मग याच सभागृहात त्या बाईनं माझ्या भावासाठी ठराव मांडला. अनुमोदक विचारला. मी तिथं, आठव्या रांगेत होतो. मी उठलो नाही. ठराव कोणी पाडला असेल, तर तो आधी मी पाडला. हे तिला मी घरी जाऊन सांगितलंय. पण तिला एकटं पाडलं ते घरात नाही, इथं पाडलं. म्हणून इथं सांगतो. जोसेफिनबाई बरोबर होती, आणि मी भित्रा होतो. हेही नोंद करा."

 चिटणीस पेन धरून अध्यक्षांकडे पाहत राहिला.

"लिहा," जोसेफिनबाई म्हणाली. "सांगतोय ना तो."

चिटणीसाने लिहिले. ठराव मताला टाकला तेव्हा भिंतीकडचे हात आधी वर गेले, मग देऱ्याचे, आणि शेवटी एकेक करून पहिल्या रांगेतले. इतिवृत्तात सूचक म्हणून तिचे नाव आणि अनुमोदक म्हणून त्याचे, एकाखाली एक लागले. बाईने वही मागून घेतली, त्याच्या नावाची शाई वाळेपर्यंत हातात धरली आणि चष्मा काढून दगडूकडे पाहिले.

"आता फिटलं," ती म्हणाली. "माझं तुझ्याकडे काही निघत नाही."